धागा : एअर पिस्तूल, .२२ आणि .३२, हत्यार आणि बोर बदलून सराव केल्याने नेम सुधारतो का?

अनेर
राम राम मंडळी. १० मीटर एअर पिस्तूलवर ६० शॉटांत ५५० च्या आसपास स्कोअर अडकला की पहिला सल्ला हमखास येतो : "थोडे दिवस .२२ मार, हात मोकळा होईल." .२२ वाले म्हणतात .३२ सेंटर फायर (ज्यात पिन काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर मारते ते) मारा, मग .२२ खेळण्यासारखं वाटेल. यात तथ्य किती? आपल्याकडे २५ मीटरची सोय सहज मिळत नाही, प्रवास करावा लागतो. तेव्हा बोर (नळीचा आतला व्यास) बदलण्याचा नेमका फायदा काय, तोटा काय आणि कोणत्या क्रमाने करावं, हे आकड्यांसकट कोणी मांडेल का? मोघम नको.

संपादक
सुरुवातीलाच एक ओळ. हा धागा परवानाधारक हत्यार आणि मान्यताप्राप्त रेंजवरच्या सरावापुरता आहे. गावठी कट्टा, शेतात किंवा नाल्यात "टेस्टिंग", बिनपरवाना काडतुसं असं काही आलं तर प्रतिसाद उडवला जाईल. ९ मिमी हा बोर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे, त्यामुळे त्याची चर्चाही इथे निरर्थक.

लळिंग
तथ्य आहे, पण सल्ला अर्धाच दिला जातो. हत्यार बदलल्याने नेम सुधारत नाही. हत्यार बदलल्याने चूक *दिसते*. ती दिसल्यावर पुन्हा आपल्या मूळ हत्यारावर येऊन दुरुस्त करायची असते. दुसरा भाग कोणी करत नाही.

आधी तीन हत्यारं समोरासमोर ठेवू.

एअर पिस्तूल : ४.५ मिमी, छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला १५० मीटरच्या आसपास. ट्रिगर किमान ५०० ग्रॅम.
.२२ स्पोर्ट पिस्तूल : गोळी ४० ग्रेन म्हणजे २.६ ग्रॅम, वेग ३०० ते ३२० मीटर. ट्रिगर किमान १००० ग्रॅम.
.३२ वॅडकटर (सपाट तोंडाची गोळी) : गोळी ९८ ते १०० ग्रेन, म्हणजे साधारण ६.४ ग्रॅम, वेग २२० ते २३० मीटर. ट्रिगर इथेही किमान १००० ग्रॅम.

ऊर्जा काढली तर .२२ ची १३० ज्यूलच्या आसपास आणि .३२ ची १६० च्या आसपास येते. म्हणजे फार फरक नाही. पण हाताला ऊर्जा कळत नाही, संवेग कळतो. वजन गुणिले वेग करा : एअरचा ०.०८, .२२ चा ०.८३, .३२ चा १.४३. एअरवरून .२२ वर जाणं ही दहापट उडी आहे आणि .२२ वरून .३२ वर जाणं पावणेदोन पट. म्हणून एअरवाला पहिल्यांदा .२२ हातात घेतो तेव्हा पहिले पाच शॉट छान लागतात (धक्का माहीतच नसतो) आणि सहाव्यापासून गोळ्या खाली डावीकडे उतरतात. हात धक्क्याची वाट बघायला लागलेला असतो.

आता उलट बाजू. एअरमध्ये छर्रा नळीतून बाहेर पडायला दोन-तीन मिलिसेकंद घेतो. .२२ मध्ये गोळी एका मिलिसेकंदाच्या आत बाहेर. ट्रिगर तुटल्यावर मनगट सैल सोडायची सवय .२२ थोडीफार माफ करतं, एअर करत नाही. म्हणून फॉलो थ्रू (शॉट सुटल्यावरही हात आणि नजर तशीच धरणं) एअरवर शिकावा, धक्का .२२ वर समजून घ्यावा आणि फ्लिंच (धक्क्याच्या भीतीने हात दचकणं) खरंच गेला का याची परीक्षा .३२ वर द्यावी. क्रम हाच. उलटा केला की .३२ ची भीती एअरपर्यंत येते.

पांझरा
लळिंगभाऊंचं गणित मान्य, पण एक भर. नवशिक्याला वाटतं हात हलतो म्हणून नाईन-एट लागतात. हात हलण्यापेक्षा साइटचा कोन जास्त मारतो. पुढची आणि मागची साइट यांच्यातलं अंतर एअर पिस्तुलावर ३२० मिमीच्या आसपास धरा. पुढची साइट खाचेत ०.१ मिमी बाजूला गेली तर १० मीटरवर भोक ३.१ मिमी सरकतं. एअरच्या टार्गेटवर एक वलय ८ मिमी रुंद. म्हणजे जवळजवळ ०.४ वलय गेलं.

.२२ वर नियमानेच साइट रेडियस (हेच दोन साइटमधलं अंतर) २२० मिमीच्या वर नेता येत नाही. तीच ०.१ मिमीची चूक २५ मीटरवर ११.४ मिमी होते. प्रिसिजन (सावकाश नेमाच्या) टार्गेटचं वलय २५ मिमी, म्हणजे ०.४५ वलय.

याउलट अख्खा हात जसाच्या तसा ५ मिमी बाजूला तरंगला आणि साइट सरळ राहिली तर भोकही ५ मिमीच सरकतं. एअरचा टेन (दहा गुणांचं वलय) ११.५ मिमी, प्रिसिजनचा ५० मिमी. म्हणजे २५ मीटरवर तरंगता हात टेनच्या आत सहज मावतो, वाकड्या साइटची किंमत मात्र एअरपेक्षाही जास्त पडते. .२२ चा एअरवाल्याला खरा फायदा हाच : नजर बुलवरून (टार्गेटच्या काळ्या गोळ्यावरून) उचलून पुढच्या साइटवर ठेवायला ते भाग पाडतं.

मेहरूण
एक शंका. मी .३२ चा परवानाधारक आहे, रिव्हॉल्व्हर आहे आणि सोबतीला एअर पिस्तूल. .२२ नाही. मधली पायरी गाळून चालेल?

लळिंग
चालेल, पण आधी एक गोष्ट पक्की करा. ".३२" म्हणून दोन वेगवेगळी काडतुसं बाजारात फिरतात. रिव्हॉल्व्हरचं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग : कडा पूर्ण बाहेर आलेली, केस साधारण २३.४ मिमी. पिस्तुलाचं .३२ एसीपी, म्हणजेच ७.६५ ब्राउनिंग : कडा किंचितच बाहेर, केस १७.३ मिमी. दोन्हींच्या गोळीचा व्यास जवळजवळ सारखा आहे, म्हणून पिस्तुलाचं काडतूस काही रिव्हॉल्व्हरच्या घरात जाऊन बसतं आणि उडतंसुद्धा. बसलं म्हणजे चाललं असं नाही. त्याचा दाब जास्त असतो, कडा अर्धवट टेकते, केस फुगते किंवा फाटते. खोक्यावरचं नाव आणि नळीवरचा शिक्का दोन्ही जुळल्याशिवाय एकही राउंड भरू नका.

आता सरावाचं. रिव्हॉल्व्हरवर फ्लिंच पकडायला सगळ्यात सोपं साधन तुमच्या हातातच आहे. सहा घरांपैकी तीनमध्ये जिवंत राउंड, तीनमध्ये त्याच रिव्हॉल्व्हरची उडालेली रिकामी केस. नळी टार्गेटकडेच ठेवून सिलिंडर हलकेच फिरवा आणि न बघता बंद करा. आता हॅमर चढवून एकेक शॉट. रिकामी केस आल्यावर पुढची साइट जागची हलली का, एवढंच बघायचं. टार्गेट बघूच नका. साइट खाली बुडाली तर तो फ्लिंच. सहापैकी तीन रिकाम्यांत तीनही वेळा साइट स्थिर राहिली की मग चार जिवंत, दोन रिकाम्या. एका दिवशी ३० जिवंत राउंडांच्या पुढे जाऊ नका. पुढचे २० राउंड हात थकवतात आणि चूकच घट्ट करतात.

आणि डबल ॲक्शनने, म्हणजे हॅमर न चढवता, नेमाचा सराव सध्या नको. तो ट्रिगर एअरच्या कित्येक पट जड असतो. बोटाची चाल बिघडते ती एअरवर लगेच दिसते.

तोरणमाळ
रिव्हॉल्व्हरबद्दल अजून एक. दुसरा हात आधाराला घेताना अंगठा किंवा बोट सिलिंडरच्या पुढच्या कडेशी नको. नळी आणि सिलिंडरमधल्या फटीतून गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला फेकले जातात. बोट कापतं. डोळ्याला चष्मा सक्तीचा, कानाला मफ सक्तीचे. "दोनच राउंड मारायचे आहेत" ही सबब कानाचा पडदा ऐकत नाही.

अनेर
खरं शे भो. आता ट्रिगरचं सांगा. ५०० ग्रॅमवरून १००० वर जाताना बोट अडकतं, परत येताना शॉट लवकर सुटतो. यावर इलाज? काही जण एअरचा ट्रिगरही १००० ला लावून ठेवतात म्हणे.

पांझरा
एअरचा ट्रिगर जड करून ठेवा, दोन्हीकडे एकच वजन, प्रश्न मिटला. ५०० ही किमान मर्यादा आहे, जास्त ठेवायला कोणी अडवत नाही.

लळिंग
इथे मतभेद. वजन सारखं केल्याने प्रश्न मिटत नाही, कारण वजनापेक्षा *पहिला टप्पा आणि दुसरा टप्पा यांची वाटणी* वेगळी असते (बोट जिथे अडतं तिथपर्यंतचा पहिला, तिथून ट्रिगर तुटेपर्यंतचा दुसरा). ५०० ग्रॅमच्या ट्रिगरमध्ये ३५० ते ४०० पहिल्या टप्प्यात आणि उरलेलं दुसऱ्यात असेल, तर .२२ वरही तेच प्रमाण ठेवा : ७०० ते ८०० पहिल्यात, २०० ते ३०० दुसऱ्यात. बोटाला आकडा आठवत नाही, "बहुतेक भार आधीच घेतलाय, आता थोडंच उरलंय" ही भावना आठवते. ती जुळली की पंधरा-वीस ड्राय (काडतूस किंवा छर्रा न भरता मारलेल्या) शॉटांत बोट सरावतं.

ट्रिगरच्या पात्याची जागाही जुळवा. बोटाच्या पहिल्या पेराचा मध्य पात्यावर, आणि बोटाचा बाकीचा भाग मुठीला चिकटलेला नको, मध्ये कागद सरकेल एवढी फट हवी. मूठ बदलली की ही फट बदलते आणि दोष ट्रिगरला दिला जातो.

वजन तपासताना स्प्रिंगच्या काट्यावर विसंबू नका. नळी उभी वर करून, हत्यार कॉक करून, ५०० किंवा १००० ग्रॅमचं वजन ट्रिगरला अडकवून अलगद उचलायचं. सुटलं नाही तर पास. सामन्यातही असंच तपासतात. घरी ५१०-५२० ला ठेवावं, धूळ आणि तापमानाने थोडं इकडेतिकडे होतंच.

पांझरा
प्रमाणाचा मुद्दा पटला. तरी ज्याच्या .२२ चा ट्रिगर असा वाटून लावता येत नाही, जुनं हत्यार आहे, त्याने काय करायचं? तिथे माझाच उपाय बरा.

लळिंग
तिथे तुमचा उपाय बरा, कबूल.

गिरणा
मुठीबद्दल कोणी बोललंच नाही. हत्यार बदलल्यावर निम्म्या तक्रारी मुठीच्या असतात. एअर आणि .२२ च्या मुठीचा कोन वेगळा असतो, त्यामुळे हात उचलला की एकात पुढची साइट खाचेच्या वर डोकावते, दुसऱ्यात बुडते. मग नेमबाज मनगट वाकवून भरपाई करतो, आणि वीस शॉटांनंतर मनगट थकलं की भरपाईही संपते. ग्रुप (भोकांचा पुंजका) उभा लांबतो.

तपासणी साधी आहे. उभं राहा, रिकामं हत्यार, डोळे मिटून हात नेहमीच्या पद्धतीने उचला, स्थिर करा, डोळे उघडा. साइट खाचेत मधोमध, वरची कड सपाट, असं पाचपैकी चार वेळा आलं पाहिजे. वर-खाली चूक असेल तर मुठीचा कोन बदला, ज्याला सोय नाही त्याने मुठीत लाकडाच्या पुट्टीचा थर द्यावा. डावी-उजवी चूक असेल तर आधी पाय सरकवा, मूठ नको. पुट्टी एका वेळी एक-दीड मिमीच. ओली असताना मूठ धरून ठसा उमटवा, चोवीस तास वाळू द्या, मग कानस आणि पॉलिश पेपर. मुठीचा कोणताही भाग मनगटाला वेढता कामा नये, तो नियमभंग आहे. एअर पिस्तूल मुठीसकट ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत मावलं पाहिजे, २५ मीटरचं ३०० × १५० × ५० च्या पेटीत. पुट्टी लावताना ५० मिमीची जाडी हमखास ओलांडली जाते.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घाम हा वेगळाच शत्रू. लाकूड गुळगुळीत असेल तर मूठ शॉटागणिक मिलिमीटरभर फिरते. मुठीवर टोचे मारून खरखरीत करणं हा कायमचा उपाय. तळव्याला पावडर लावू नका, घामात मिसळून ती साबणासारखी होते. दर पाच शॉटांना कोरड्या सुती फडक्याने हात पुसा, एवढंच पुरतं.

ज्यांना दोन्ही बोर खेळायचे आहेत त्यांनी शक्यतो एकाच घराण्याची हत्यारं घ्यावीत. वॉल्थर जीएसपीमध्ये .२२ आणि .३२ असा बोर बदलायची सोय आहे, मूठ तीच राहते. पार्डिनीचं एसपी .२२ मध्ये आणि एचपी .३२ मध्ये, दोन्हींची ठेवण जुळती. असं असेल तर बदलतो तो फक्त धक्का, आणि सरावाला नेमकं तेच हवं.

मेहरूण
घरी ड्राय फायर करताना कोणत्या हत्याराला काय चालतं?

तोरणमाळ
एअर : बहुतेक मॅच पिस्तुलांना ड्राय फायरचा खटका असतो. हवा खर्च न होता ट्रिगर तुटतो. बिनधास्त, रोज ४०-५०.

.२२ : रिकाम्या चेंबरवर नको. हे रिमफायर आहे, फायरिंग पिन कडेवर मारते. काडतूस नसेल तर पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते, तिथे खड्डा पडतो आणि पुढे केस बाहेर निघत नाही किंवा राउंड फुसका जातो. भिंतीत स्क्रू बसवायला मिळणारा योग्य मापाचा प्लास्टिक प्लग चेंबरमध्ये बसतो, तो टाकून मारा. दहा-बारा ठोक्यांनी फिरवा, चेपला की फेका. रंगीत घ्या, म्हणजे जिवंत राउंडाशी गल्लत नाही.

.३२ : स्नॅप कॅप (पिनचा ठोका झेलणारं डमी काडतूस) वापरा.

नियम एकच, आणि तो मोडायचा नाही : ज्या खोलीत ड्राय फायर, त्या खोलीत काडतूस नाही. कपाटातही नाही. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्याने बघा, करंगळीने चाचपा, मग सुरू करा. आणि "आजचा सराव संपला" म्हटल्यावर पुन्हा "एकच शेवटचा" मारायचा नाही. अपघात त्या एकातच होतात, कारण तोवर हत्यार पुन्हा भरलेलं असतं.

कोरी पांढरी भिंत समोर ठेवा, टार्गेट लावू नका. टार्गेट नसलं की नजर आपोआप साइटवर येते.

अनेर
आणि आठवड्याची मांडणी? २५ मीटरला महिन्यातून दोनदाच जाता येतं असं धरा.

लळिंग
मग त्या दोन दिवसांत सगळं उरकायचा मोह टाळा. आठवड्याला तीन दिवस एअर, प्रत्येकी ४० ते ६० छर्रे, आणि रोज दहा-पंधरा मिनिटं ड्राय. २५ मीटरच्या दिवशी असं करा :

आधी १० ड्राय. मग .२२ वर पाच-पाचच्या चार फैरी, प्रिसिजन टार्गेटवर, प्रत्येक फैरीला पाच मिनिटं. सामन्याची वेळही तेवढीच आहे, घाई नको. पहिल्या दोन फैरींनंतर साइटला हात लावायचा नाही, दहाही भोकांचा मध्य काढून मगच क्लिक (साइटच्या स्क्रूचा एक टप्पा). त्यानंतर मॅगझिनमध्ये पाचपैकी एक डमी कुठेतरी मध्ये, असं सहा वेळा. ही भरणी दुसऱ्याकडून करून घ्या, आपण भरलं की क्रमांक डोक्यात राहतो. मग .३२ असेल तर २० ते ३० राउंड, तेही डमीसकट. आणि शेवटी, हे महत्त्वाचं, *परत .२२ चे दहा शॉट*. .३२ वर दिवस संपवू नका. शेवटची आठवण हलक्या धक्क्याची राहिली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी एअरवर पहिले २० शॉट मोजायचेच नाहीत. कोऱ्या कागदावर, बुलशिवाय मारा. ग्रुप गोळा झाला की मग टार्गेट.

वहीत स्कोअरपेक्षा दोन रकाने जास्त उपयोगी : शॉट सुटताना साइट कुठे दिसली, आणि भोक कुठे निघालं. दोन्ही जुळले तर शॉट वाईट असूनही काम बरोबर चाललंय. साइट टेनवर दिसली आणि भोक साताला, तर साइट बघितलीच नव्हती.

पांझरा
रॅपिडचा, म्हणजे झटपट मारण्याचा, भाग राहिला. महिलांच्या २५ मीटर पिस्तूलमध्ये आणि पुरुषांच्या सेंटर फायरमध्ये ३० प्रिसिजननंतर ३० रॅपिड असतात. टार्गेट तीन सेकंद समोर, सात सेकंद दूर, त्या तीनात एक शॉट. हात उभ्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा वर ठेवून सुरुवात करता येत नाही.

तीन सेकंदांची वाटणी अशी ठेवा : पहिलं सव्वा सेकंद उचलण्यात, उचलतानाच ट्रिगरचा पहिला टप्पा घेतलेला, पुढचं एक सेकंद साइट सरळ करत दुसरा टप्पा दाबत, शॉट सव्वादोन ते अडीचला. जो पावणेतीनला पोचतो तो शेवटी ट्रिगर ओढतो, आणि गोळी खाली जाते. उशीर होण्याचं कारण ट्रिगर नसतं, हात वर जाऊन पुन्हा खाली येतो ते असतं. हात खालून बुलच्या मध्यावर येऊन *थांबला* पाहिजे, ओलांडून परतता कामा नये. दहा वेळा फक्त उचला, दहा वेळा ड्राय, मग पाच जिवंत.

एक गोष्ट नवे लोक विसरतात. रॅपिडचं टार्गेट ५०० मिमीचं पूर्ण काळं, त्याचा टेन १०० मिमी. प्रिसिजनचा काळा भाग फक्त २०० मिमी, आणि तिथे आपण काळ्याच्या खाली पांढऱ्यात धरतो. तीच साइट ठेवून रॅपिडला मधोमध धरलं तर गोळी ११ सेमी वर जाईल. मागची साइट खाली घ्यावी लागते : ११० मिमी × २२० ÷ २५००० म्हणजे साधारण एक मिमी. आपल्या साइटचा एक क्लिक किती, ते पुस्तिकेत बघून किती क्लिक हे हत्याराच्या पेटीच्या झाकणावर लिहूनच ठेवा. आणि परत प्रिसिजनला जाताना तेवढेच उलटे.

गिरणा
मोठ्या खेळाडूंची उदाहरणंही हेच सांगतात. मनू भाकरने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअरला कांस्य घेतलं आणि त्याच स्पर्धेत २५ मीटरला चौथी आली. दोन बोर एकत्र चालतात याला आणखी पुरावा नको. तिचे प्रशिक्षक जसपाल राणा स्वतः सेंटर फायर आणि स्टँडर्ड पिस्तूलचे, २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत दोन्हींत सुवर्ण. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरचं सुवर्ण घेतलं.

मेहरूण
आता अडचणींचं. .२२ सारखं अडकतं. आणि ऊन.

तोरणमाळ
.२२ अडकण्याची आपल्याकडची कारणं, जास्त आढळणारी आधी :

गोळीवर मेणाचा किंवा चरबीचा थर असतो. खोका उघडा ठेवला की त्यावर आपली काळी माती बसते आणि चेंबरमध्ये जाते. राउंड पूर्ण बसत नाही. खोका बंद ठेवा, खाली पडलेलं राउंड पुसून भरू नका, बाजूला टाका.

दुसरं, हाय व्हेलॉसिटी काडतूस. मॅच पिस्तुलाची स्प्रिंग स्टँडर्ड व्हेलॉसिटीसाठी असते. जोरदार राउंडाने स्लाइड मागे आपटते, नेम बिघडतो, आणि बफर लवकर मरतो. उलट फारच हलकं राउंड घेतलं तर केस पूर्ण बाहेर फेकली जात नाही, खिडकीत उभी अडकते. एकाच प्रकारच्या दोन-तीन खोक्यांवर आधी प्रयोग करा, मग साठा घ्या.

तिसरं, सैल मनगट. हत्यार मागे येताना मनगट त्याच्यासोबत गेलं की स्लाइडला पूर्ण मागे जायला आधार मिळत नाही. दुसऱ्याच्या हातात तेच हत्यार, तेच राउंड सुरळीत चालत असेल तर दोष इथे शोधा.

.३२ एसीपी पिस्तुलात वेगळा आजार. कडा किंचित बाहेर असल्याने मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या *मागे* गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात, राउंड वर येतच नाही. प्रत्येक राउंड भरताना त्याची कडा खालच्याच्या पुढे राहील असं सरकवा आणि भरून झाल्यावर मॅगझिनची मागची बाजू तळव्यावर हलकेच आपटा.

ट्रिगर दाबला आणि काहीच झालं नाही तर नळी टार्गेटकडे ठेवून किमान ३० सेकंद थांबा. राउंड उशिरा उडू शकतो. "फुस्स" असा दबका आवाज आला, धक्का कमी वाटला, तर पुढचा शॉट *मारायचाच नाही*. गोळी नळीत अडकलेली असू शकते. हत्यार रिकामं करून नळीतून उजेड दिसतो का बघा, नाहीतर हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवा.

गिरणा
ऊन. जळगाव-भुसावळला मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो. काडतुसं बंद गाडीत, डिकीत ठेवू नका. तापलेल्या राउंडाचा वेग वाढतो, आणि एकाच खोक्यातली अर्धी तापलेली अर्धी सावलीतली असली की ग्रुप विनाकारण उभा लांबतो. एअरचं सिलिंडर २०० बारचं असतं, ते तर उन्हात मुळीच नको. भरताना सावकाश भरा. भराभर भरलं की गरम होतं, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर १८० वर येतो. सिलिंडरवर कोरलेली तारीख बघा, दहा वर्षं झालेलं बाद. हातपंपाने भरत असाल तर पावसाळ्यात हवेतली वाफ पाणी होऊन आत जाते, पंपाचं ड्रेन दर भरणीला उघडा. आणि हवेच्या झडपेला तेल नाही. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा नखभर थर, बस.

उघड्या २५ मीटरवर सकाळी नऊनंतर जमिनीवरून वाफ उठते, काळा गोळा तरंगतो आणि किंचित सरकलेला दिसतो. तेव्हा क्लिक फिरवायला जाऊ नका, थांबा. साडेसहा ते नऊ हीच वेळ.

अनेर
उन्हात पुढची साइट चमकते, कड पांढुरकी दिसते. काळा स्प्रे इकडे मिळत नाही.

तोरणमाळ
कापूर. देवघरातला. एक वडी वाटीत पेटवा, ज्योतीच्या टोकाशी जो धूर निघतो त्यात पुढची साइट दोन-तीन सेकंद फिरवा. मऊ, मखमली काजळी बसते, अजिबात चमकत नाही. मागच्या साइटच्या खाचेलाही तसंच. हत्यार रिकामं, मॅगझिन बाहेर, एअर असेल तर सिलिंडर काढून लांब, काडतुसं दुसऱ्या खोलीत. आधी साइट कोरड्या फडक्याने पुसा, तेलावर काजळी धरत नाही. नंतर बोट लावायचं नाही, बोट लागलं की पुन्हा कापूर.

मेहरूण
सामान्य कापूर चालेल की भीमसेनी?

तोरणमाळ
दोन्ही चालतात. साधाच घ्या, भीमसेनी महाग पडतो. आणि रेंजवरून आल्यावर भाकरीला हात लावायच्या आधी साबणाने धुवा, थंड पाण्याने, कोपरापर्यंत. .२२ च्या बारात आणि छर्र्यांत दोन्हीकडे शिसं असतं.